चकवा लागलेला कर्नल : 'द लॉस्ट सिटी ऑफ झेड' कोणी पाहिला का?

सिंहगडवाट (धागाकर्ता)

गेल्या रविवारी पाऊस थांबायचं नाव घेईना. ट्रेक रद्द झाला, मग ओटीटीच्या यादीत वर्षभर पडून असलेला 'द लॉस्ट सिटी ऑफ झेड' लावला. जेम्स ग्रेचा, २०१६ चा. सोबत बाबा होते. बाबा मोजणी खात्यातून निवृत्त, उभी हयात साखळी, प्लेन टेबल आणि भावाभावांची भांडणं यांत गेलेली. एरवी इंग्रजी सिनेमा लागला की दहाव्या मिनिटाला पेपर उघडतात. या वेळी पेपर घडीतच राहिला, कारण पडद्यावर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, दिसला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. पर्सी फॉसेट हा ब्रिटिश तोफखान्यातला अधिकारी. वडिलांनी दारू-जुगारात घराण्याचं नाव घालवलेलं, त्यामुळे कर्तबगारी असूनही साहेबलोकांच्या पंगतीत याला पाट नाही. १९०६ मध्ये लंडनची रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी त्याला बोलिव्हिया-ब्राझीलची हद्द आखायला पाठवते. रबराला भाव आलेला, दोन्ही देशांना एकमेकांवर भरवसा नाही, म्हणून तिऱ्हाईत मोजणीदार. (बाबा : "बरोबर आहे. बांधावर दोघं भाऊ उभे असले की पट्टी तिसऱ्यानेच धरायची.") तिथे जंगलात त्याला फुटकी भांडी सापडतात आणि या रानात कधीकाळी मोठं शहर होतं असं त्याच्या मनाने घेतलं. त्या शहराला तो 'झेड' म्हणतो. १९२५ मध्ये थोरल्या मुलाला, जॅकला, घेऊन तो ते शोधायला गेला आणि दोघंही परत आले नाहीत. यात शेवट फोडल्याचा आरोप करू नका, शंभर वर्षांपूर्वीची बातमी आहे ही.

मला आवडला, बाबांना आवडला. बायको पाऊण तासाने "साप कधी येणार?" असं विचारून आत निघून गेली. नंतर नेटवर चाळलं तर जगातही आमच्या घरासारखीच फूट! रॉटन टोमॅटोजवर समीक्षकांची पसंती ८५ टक्क्यांच्या पुढे आणि प्रेक्षकांची त्याच्या कितीतरी खाली. ३ कोटी डॉलर खर्च आणि जगभरचा गल्ला २ कोटींच्याही आत.

मला वाटतं पोस्टरने घात केला. पोस्टर साहसाचं आहे आणि सिनेमा चकव्याचा. रानात चकवा लागला की माणूस त्याच झाडापाशी परत परत येतो आणि प्रत्येक वेळी त्याला वाटतं आता वाट सापडली. फॉसेटचं तसंच होतं. फक्त त्याचं झाड लंडन आणि अॅमेझॉन असं दोन्हीकडे आहे. तुम्हाला काय वाटलं?

---

खोचक पेठकर

चकवा फॉसेटला नाही, प्रेक्षकाला लागलाय. दोन तास एकवीस मिनिटं. गृहस्थ तीन वेळा जातो, दोनदा परत येतो, आणि तिसऱ्यांदा येत नाही तेव्हा आपल्याला हायसं वाटतं. मध्येच पहिलं महायुद्ध. जंगल बघायला बसलो तर खंदकात नेऊन बसवलं, वर तिथे एक भविष्य सांगणारी बाई. समीक्षक फुकट बघतात, त्यांना काय!

सिनेमात मगरी, मासे, बाण, ताप सगळं आहे, पण सगळं सरकारी कार्यालयातल्या फायलीसारखं. आलं, नोंद झाली, पुढच्या टेबलावर गेलं.

---

अर्धा कप

पेठकरांशी सहमत. मी तर नायकाची मिशी बघत बसले. मिशी मात्र उत्तम.

---

रीळबदल्या

पेठकर, कशावर पाहिलात? खरं सांगा.

हा सिनेमा ३५ मिमी फिल्मवर चित्रित केलाय, कोलंबियाच्या खऱ्या जंगलात, दमटपणात आणि डासांत. इंग्लंडमधला भाग उत्तर आयर्लंडमध्ये. छायालेखक डॅरियस खोंजी. मेणबत्तीच्या उजेडातली दालनं आणि पानांतून गाळून येणारा हिरवट पिवळा उजेड हीच त्यातली अर्धी गोष्ट आहे. फोनवर, भर दुपारी, पडदे न ओढता बघितलं तर राहतं काय? तपकिरी कपड्यातली माणसं तपकिरी नदीत. मीही आधी लॅपटॉपवर पाहिला होता आणि तुमच्याइतकाच वैतागलो होतो. नंतर एका मित्राने घरच्या प्रोजेक्टरवर भिंतभर लावला. जंगलाच्या मधोमध ऑपेरा चाललेला दिसतो, तेव्हा खोलीत कोणी बोलेना. असले सिनेमे लॉ कॉलेज रोडवर, फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात बघण्याची सवय असलेल्या पिढीला ते वेगळं सांगायला लागत नाही.

समीक्षकांना का आवडला? त्यांना वर्षात दोनशे सिनेमे बघावे लागतात. त्यातले बहुतेक दर दहा मिनिटांनी तुमची कॉलर धरतात. हा धरत नाही. ग्रे जुन्या पद्धतीने सांगतो. माणूस खोलीत येतो, बसतो, अपमान गिळतो, उठतो. प्रेक्षकाला जंगलातली धावपळ हवी होती आणि त्याला एका मध्यमवयीन माणसाचा मानभंग दाखवला. ज्याने नोकरीत 'तुमचं सगळं ठीक आहे, पण...' हे वाक्य ऐकलंय, त्याला पहिला अर्धा तास पुरेसा आहे. सुरुवातीला आयर्लंडमधली हरणाची शिकार आठवा. शिकार हा साधतो आणि जेवणाच्या टेबलावर याची जागा कुठे? 

एक मान्य. खऱ्या फॉसेटच्या सात-आठ मोहिमा होत्या, सिनेमात त्या तीनवर आणल्यात. त्यामुळे दोन मोहिमांमधली वर्षं नुसती पाटीवर येतात. मुलं अचानक मोठी झालेली दिसतात. ते लागतं मनाला, पण ते मुद्दाम आहे की कात्रीमुळे, यावर वाद घालायला मी तयार आहे.

---

घाटमाथा

चकवा या शब्दासाठी धागाकर्त्याला एक चहा लागू.

बऱ्याच वर्षांपूर्वी खांडसहून भीमाशंकरला चढताना पावसाळ्यात आम्हाला लागला होता. धुकं इतकं की पुढच्याची सॅक दिसत नव्हती. तीन तास चालून आम्ही त्याच मोडलेल्या उंबरापाशी. चौघांपैकी दोघं भांडायला लागले, एक गप्प झाला, आणि मी सगळ्यांना ठासून सांगत होतो की मला वाट माहीत आहे. शेवटी लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी भेटली. तिने विचारलं, "इथं काय करताय?" हा प्रश्न आजवर विसरलो नाही. ती ज्या वाटेने घरी चालली होती, तिला आम्ही हरवणं म्हणत होतो.

सिनेमात मला हेच दिसलं. जंगलातल्या लोकांना कुठेही काही शोधायचं नाहीये, ते आपापल्या घरी आहेत. त्या वस्तीतला मासे पकडायचा प्रसंग बघा. वनस्पतीचा रस पाण्यात सोडतात, मासे गुंगून वर येतात, हवे तेवढे उचलायचे. आपल्याकडे कातकरी गेळाची फळं ठेचून डोहात टाकतात, तंतोतंत तेच. उपाशी गोरे लोक काठावर उभं राहून बघतात, आणि फॉसेटच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा शरम दिसते. फॉसेट झालेल्या चार्ली हनमला लोक लाकडी म्हणतात, पण तिथे त्याने चांगलं काम केलंय.

बाण येत असताना गाणी म्हणत, रुमाल हलवत समोर जायचं, हेही खऱ्या फॉसेटचंच. १९१० च्या मोहिमेत बाणांच्या वर्षावात त्याच्या माणसांनी अकॉर्डियन वाजवत गाणी म्हटली होती. गोळीबार करायचा नाही, असा त्याचा हुकूम असे. त्या काळात रबरवाले काय करत होते ते पाहिलं की याचं मोल कळतं. पुतुमायो नदीच्या काठी मजुरांचे जे हाल झाले त्यांचा अहवाल ब्रिटिश वकिलातीतल्या रॉजर केसमेंटने त्याच सुमारास लिहिला.

---

मधली सुट्टी

माफ करा, पण एवढं कौतुक पचत नाही. मी शाळेत इतिहास शिकवते आणि 'सत्यकथेवर आधारित' ही पाटी दिसली की माझा लाल पेन आपोआप बाहेर येतो.

जॉन हेमिंग हे अॅमेझॉनच्या मूळ रहिवाशांच्या इतिहासातलं मोठं नाव, आणि ज्या सोसायटीची सिनेमात एवढी ऐट दाखवलीय तिचेच ते वीसेक वर्षं संचालक होते. सिनेमा आला तेव्हा त्यांनी एका इंग्रजी साप्ताहिकात त्याची सालं काढली. त्यांच्या मते फॉसेट हा संशोधक नव्हताच, मोजणीदार होता. त्याने काही शोधलं नाही, त्याच्या डोक्यात वंशश्रेष्ठतेचं खूळ होतं, आणि ज्याला खरी शोधमोहीम म्हणता येईल ती तर त्याला जमलीच नाही.

सिनेमातला फॉसेट सोसायटीच्या सभेत उभा राहून 'तेही आपल्यासारखेच' असं भाषण ठोकतो. खरा फॉसेट इतका सरळ नव्हता. आदिवासींशी तो सभ्यपणे वागायचा हे खरं, पण एवढं मोठं शहर या लोकांच्या पूर्वजांनी बांधलं असेल हे मात्र त्याला पटत नव्हतं. कुठून तरी आलेले गोरे, प्राचीन लोक त्याला तिथे हवे होते. त्याचा मोठा भाऊ ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या गोतावळ्यातला थिऑसॉफिस्ट, म्हणजे गूढविद्या मानणाऱ्या पंथातला, आणि महायुद्धानंतर हाही त्या गूढाच्या नादी लागला. सिनेमाने हे सगळं त्या खंदकातल्या भविष्यवाल्या बाईवर भागवलं. पेठकर, तुम्हाला जिचा कंटाळा आला तिच्या मागे हे एवढं प्रकरण आहे!

आणि बिचारा जेम्स मरे. शॅकल्टनबरोबर दक्षिण ध्रुवाकडे गेलेला जीवशास्त्रज्ञ. १९११ मध्ये जंगलात त्याच्या जखमांत अळ्या पडल्या होत्या. सिनेमाने त्याला खादाड, भित्रा खलनायक केलं, सामानावर रॉकेल ओतायला लावलं. तो पुढे १९१४ मध्ये आर्क्टिकच्या बर्फात नाहीसा झाला. हा शेवट फॉसेटच्या शेवटाहून कमी आहे का? त्याच्यावर कोणी सिनेमा काढत नाही, कारण तो देखणा नव्हता.

---

खोचक पेठकर

बाई, तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं. तुमचा प्रतिसाद सिनेमापेक्षा रंजक आहे. (फोनवरच पाहिला, रीळबदल्या. पीएमटीत. दोन हप्त्यांत.)

---

खापरवेचा

हा धागा बघून तीन वर्षांनी लॉग इन केलं. पासवर्ड विसरलो होतो.

सोसायटीच्या सभेतला तो गोंधळ आठवा. फॉसेट सांगतो, मला भांडी सापडली. आणि सगळे टोपीवाले ओरडतात, भांडीकुंडी! भांडीकुंडी! हसून हसून लोळतात. सिनेमा तिथे मला चावला. मी डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकत दोन वर्षं काढली, पुढे पोटासाठी दुसरीकडे वळलो ते सोडा, पण त्या दोन वर्षांत उन्हातान्हात शेतांतून मान खाली घालून खापरंच वेचली. नातेवाईक विचारायचे, सोनं सापडलं का? नाही काकू, खापर सापडलं. मग त्यांचा चेहरा अगदी त्या सोसायटीतल्या सभासदांसारखा व्हायचा.

शिरूर तालुक्यातल्या इनामगावची सगळी कहाणी खापरांपासून सुरू होते. घोडनदीकाठची टेकाडं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांनी १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथे खणलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव बाहेर काढलं. शंभराहून जास्त घरं, धान्याचं कोठार, नदीचं पाणी वळवलेला पाट. मेलेली लेकरं दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेली, घराच्या जमिनीखालीच पुरलेली. राजवाडा नाही, शिलालेख नाही. भांडीकुंडीच.

आता खरी गंमत. आपल्याकडे खेड्यात 'काळी' आणि 'पांढरी' म्हणतात. काळी म्हणजे शेताची, पांढरी म्हणजे वस्तीची. राख, शेण, पडलेल्या भिंती यांनी गावठाणाची माती पांढुरकी होते. उजाड गावाची जागा ओळखायची तर पांढरीचं टेकाड बघायचं, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. अॅमेझॉनमध्ये उलटं! तिथली मूळ माती पिवळी-तांबडी, निकस. पण जिथे माणसं पिढ्यानपिढ्या राहिली, तिथे कोळसा, हाडं, खरकटं मुरून ती काळीभोर झालीय. पोर्तुगीजमध्ये तिला 'काळी माती'च म्हणतात, आणि ती खापरांनी भरलेली असते. तिथे काळी हीच पांढरी.

बेटी मेगर्स यांच्यासारख्या नामवंत पुरातत्त्वज्ञांनी अनेक वर्षं मांडलं होतं की त्या निकस मातीवर मोठी वस्ती पोसलीच जाणार नाही. मग मायकेल हेकेनबर्गर झिंगू नदीच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे फॉसेट जिकडे नाहीसा झाला त्याच भागात, कुइकुरो लोकांबरोबर राहिला आणि त्यांच्याच मदतीने जुन्या वस्त्या मोजल्या. खंदक, चौक, चौकातून निघणारे रुंद सरळ रस्ते, रस्त्यांनी जोडलेली गावं. २००३ मध्ये हे 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं. २०२२ मध्ये बोलिव्हियात आकाशातून लेसरने झाडीखालची जमीन बघितली तर मातीचे उंच चौथरे आणि कालवे. २०२४ मध्ये इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यात अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे सहा हजारांवर चौथरे.

म्हणजे शहर होतं का? होतं आणि नव्हतं. फॉसेटला दगडी कमानी आणि पुतळे हवे होते. रिओच्या ग्रंथालयातलं १७५३ चं एक हस्तलिखित वाचून ते चित्र त्याच्या डोक्यात बसलं होतं. तिथे होतं ते माती-लाकडाचं, झाडाझुडपांत मिसळलेलं, आणि ते बांधणाऱ्यांचे वंशज त्याला रोज खायला घालत होते. तो कदाचित एखाद्या जुन्या रस्त्यावरून चालत गेलाही असेल. पांढरी शोधत होता, काळीवर उभा होता.

---

सिंहगडवाट

खापरवेचा, दंडवत. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सोसायटीवाल्यांनी अख्खं जंगल पोटखराब्यात टाकलं होतं म्हण की." सातबारा बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पीक येत नाही अशी नोंद एकदा पडली की पन्नास वर्षं कोणी जागेवर जाऊन बघत नाही.

---

ओसरी

सगळे जंगलातच अडकलात. फॉसेटच्या बायकोबद्दल, नीनाबद्दल, कोणी बोलेल म्हणून वाट पाहत होते.

सिनेमात ती स्वतः कागदपत्रं धुंडाळते आणि त्याला पुरावा आणून देते, मग म्हणते मलाही यायचंय. तेव्हा तिथल्या लोकांसाठी समता मागणारा हा पुरोगामी गृहस्थ तिला बायकांची जागा समजावून सांगतो. त्या भांडणात सिएना मिलर सगळ्यांना खाऊन टाकते. माझ्या सासूबाई शेजारी बसून शेंगा सोलत होत्या, त्यांना इंग्रजी कळत नाही, तरी म्हणाल्या, "हा काही नेत नाही तिला." आमचे सासरे नोकरीनिमित्त बारा वर्षं बाहेरगावी होते. त्यांना भाषांतर लागलं नाही.

खरी नीना मरेपर्यंत तो जिवंत आहे असं मानत राहिली. १९५१ मध्ये तिकडे काही हाडं सापडली, फॉसेटचीच म्हणून गाजली, तपासल्यावर त्याची निघाली नाहीत. हे सगळं त्या बाईने पेपरात वाचायचं. सिनेमाचा शेवट म्हणूनच मला फार लागला. ती सोसायटीतून बाहेर पडते आणि आरशात दिसतं की ती जंगलात चालत चाललीय. रस्त्यावर नाही, जंगलात. पेठकर, तिथपर्यंत पोचलात का?

---

खोचक पेठकर

नव्हतो. माझा स्टॉप आला होता.

काल रात्री दिवे घालवून टीव्हीवर शेवटचा अर्धा तास पाहिला. मशाली घेऊन त्या बापलेकांना उचलून नेतात तो भाग. मत फारसं बदललेलं नाही, मधला तास अजूनही कापला पाहिजे. पण मुलगा बापाला सांगतो की मी तुमच्यावर प्रेम करतो, आणि बापाला कळतं की आपण याला कुठे आणलंय, तिथे मी उठून पाणी प्यायलो. एवढंच कबूल करतो.

---

मधली सुट्टी

शब्द जपून टाकलेत, पेठकर! मीही एक कबूल करते. नववीच्या वर्गात खापरवेचा यांचं काळी-पांढरी सांगितलं. पोरं पहिल्यांदाच धड्यात नसलेलं काही लिहून घेत होती. एकाने विचारलं, इनामगाव लांब आहे का?

---

खापरवेचा

पुण्याहून ऐंशी-नव्वद किलोमीटर. बघायला फार काही नाही हे आधीच सांगतो. टेकाड आणि नदी. पण पावसाने वरची माती धुतली की खापरं उघडी पडतात, पोरांना दाखवता येतील. हातात घेऊन बघायची आणि जिथली तिथे ठेवायची. कोणी खिशात घातलं तर माझ्याशी गाठ आहे. पाऊस उघडल्यावरचा पहिला रविवार धरू. माझ्या गाडीत तीन जागा.

---

सिंहगडवाट

दोन आमच्या. बाबा साखळी घेऊन येतो म्हणतायत, मी अडवणार नाही.

---

खोचक पेठकर

उरलेली माझी. साप असतील का?

---

घाटमाथा

नदीकाठ आहे, धामण तरी दिसेल. ती दिसेपर्यंत कळ काढा.